फॉर्मवर कुठला ग्रुप लिहू?

कोथरूड, पुणे
मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय विन्या,

तुझा साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. त्यातली पाच मिनिटं तू नव्या लेदर सूटवर बोललास, एक मिनिट वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही यावर, आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात कामाचं, म्हणजे चेन्नईच्या ट्रॅक डेच्या (शर्यतीच्या ट्रॅकवर, शर्यत न लावता, आपली मोटरसायकल चालवायचा दिवस) फॉर्मचं विचारलंस: "फॉर्मवर ग्रुप विचारलाय. मी मधला लिहितो. बारा वर्षं गाडी चालवतोय, यवतेश्वरचा घाट डोळे मिटून चढतो, नवशिक्यांत कशाला बसू?" याचं उत्तर फोनवर दिलं असतं तर तू मध्येच हसून विषय बदलला असतास. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात खालचा ग्रुप लिही. तुला गाडी येत नाही म्हणून नाही. तुला गाडी किती येते ते मला माहीत आहे, कासच्या रस्त्यावर तुझ्यामागे बसून मी देवाचं नाव घेतलेलं आहे. पण तुझं हे "नवशिक्यांत कशाला बसू" मी दोन वर्षांपूर्वी शब्दशः म्हटलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. "एकदा थोडी गडबड झाली होती" एवढंच बोललोय. ती गडबड आज सांगतो.

माझा तिसरा ट्रॅक डे होता, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला. पहिल्या दोन वेळेला खालच्या ग्रुपात होतो आणि दोन्ही वेळेला सगळ्यांच्या पुढे. सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या, तर एक दातांचे डॉक्टर, कॉलेजची दोन पोरं आणि स्कूटरवरून थेट तीनशे नव्वदच्या मोठ्या मोटरसायकलवर चढलेला एक बँकवाला. त्यांना मागे टाकून मी फुगलो. तिसऱ्या वेळेला फॉर्मवर बिनधास्त मधला ग्रुप लिहिला. कुणी अडवलं नाही. तिथं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतात, हेल्मेटवर त्या ग्रुपच्या रंगाचा स्टिकर लावतात आणि पुढचं तुझ्यावर सोडतात.

दुसऱ्या सेशनला, म्हणजे आमच्या ग्रुपच्या दुसऱ्या पाळीला, मागून एका गाडीचा आवाज यायला लागला. सरळ पट्ट्यावर तो मागे राहायचा, वळणात जवळ यायचा, पुन्हा मागे. तीन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या तीन फेऱ्या, हेच चाललं होतं. मला वाटायला लागलं की हा माझ्या मानेवर बसलाय. एका डाव्या वळणात, गाडी झुकलेली असतानाच, मी उजव्या खांद्यावरून मागे बघितलं. किती वेळ? सेकंदभर. शंभरच्या स्पीडला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, हे गणित मी नंतर हॉटेलच्या खोलीत बसून केलं. मान वळली तसे खांदे उचलले गेले, हँडलवर नको तिथं जोर पडला, गाडी सरळ झाली आणि बाहेरच्या बाजूला वाहत गेली. तो नेमका तिथून जात होता. मधल्या ग्रुपात वळणावर बाहेरून ओव्हरटेक करायला परवानगी असते, तो नियमानेच चालला होता. मी त्याच्या वाटेत शिरलो. त्याने मला धडक द्यायचं टाळलं, झुकलेली गाडी सरळ केली, डांबर सोडून मातीत गेला आणि तिथं पुढचं चाक घसरून पडला.

मला ओरखडासुद्धा नाही. मला तर तो पडलेला कळलंही नाही. पुढच्या वळणावर लाल झेंडा दिसला तेव्हा मी मनात म्हटलं, कोण गाढव पडलं आता?

त्याची कॉलरबोन मोडली होती. दुपारी हात गळ्यात बांधून तो पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या ठेवायच्या आवारात, परत आला, गाडी पिकअपमध्ये चढवून घ्यायला. होसूरकडचा माणूस, चाळिशीचा. मी माफी मागायला गेलो. त्याचं हिंदी तोडकंमोडकं, माझं तमिळ शून्य. शिव्या खायची तयारी ठेवून गेलो होतो. त्याने एवढंच विचारलं, "पीछे क्यों देखा? मैं तो जा रहा था."

विन्या, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेले सेशन सोडले. संध्याकाळी आयोजकांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं की पुढच्या वेळी मला पुन्हा खालच्या ग्रुपात टाका. "अरे, इतकं मनावर घेऊ नका, होतं असं," म्हणाले. होतं, पण त्या दिवशी ते माझ्यामुळे झालं होतं.

ग्रुप म्हणजे वेग, असं मी समजत होतो आणि तूही तेच समजतोयस. वेगाचा भाग आहेच, पण दुय्यम. तुझ्या मागून येणाऱ्याला पुढच्या दोन सेकंदांत तू कुठं असशील हे ओळखता येतं का, एवढ्यावर ग्रुप ठरायला हवा. हळू पण ठरलेल्या वाटेने जाणारा डॉक्टर कुणालाच धोका नसतो. त्याला बघून लोक आरामात बाजूने निघून जातात. धोका माझ्यासारख्याचा: एका लॅपला कडेकडेने, दुसऱ्या लॅपला मधून, ब्रेक कधी शंभर मीटरला तर कधी साठला. माझ्या लॅपटायमरवर त्या दिवशीचे आकडे अजून आहेत. लागोपाठच्या पाच लॅपमध्ये सात सेकंदांचा फरक. सगळ्यात वेगवान लॅपचा स्क्रीनशॉट मी तुम्हा सगळ्यांना पाठवला होता, बाकीचे चार नाही पाठवले.

खालच्या ग्रुपात परत गेलो तेव्हा तिथल्या शिकवणाऱ्याने पहिला सेशन एकाच गिअरमध्ये आणि ब्रेकला हात न लावता मारायला सांगितला. मला हसू आलं. दोन लॅपनंतर हसू गेलं. ब्रेक नाही म्हटल्यावर सरळ पट्ट्यावर उगाच थ्रॉटल पिळून उपयोग नसतो, कारण पुढच्या वळणात किती वेगाने शिरायचं ते आधीच ठरवावं लागतं. गिअर बदलायचा नाही, म्हणजे थ्रॉटल उघडायचा आणि बंद करायचा तो दोरीवर वाळत घातलेली साडी ओढावी तसा, हिसका न देता. आणि डोळे आपोआप लांब जातात. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी पुढच्या चाकापासून दहा मीटरवरचा रस्ता बघत होतो. घाटात ते चालून जातं, कारण तिथं खड्डा चुकवायचा असतो. ट्रॅकवर मात्र वळणात शिरताना नजर आतल्या टोकावर आणि तिथं पोचायच्या आत बाहेर पडायच्या जागेवर गेलेली असावी लागते. नजर जिथं, तिथं गाडी. भिंतीकडे बघशील तर भिंतीत जाशील, आणि मागे बघशील तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

पुढचे तीन ट्रॅक डे मी खालच्याच ग्रुपात काढले. तिसऱ्याला पाच लॅपमधला फरक दीड सेकंदावर आला. शिकवणारा स्वतःच म्हणाला, आता वर जा. मीच म्हटलं, अजून एक दिवस थांबतो. (भाव खाल्ला थोडा, खोटं कशाला बोलू.)

आता तुझा दुसरा मुद्दा, "ट्रॅक सेफ असतो रे, समोरून कुणी येत नाही." खरं आहे. उसाचे ट्रॅक्टर नाहीत, वळणावर सांडलेली खडी नाही, कुत्रं नाही, राँग साइडने येणारा टेम्पो नाही. पडलास तर घसरायला जागा आहे, ॲम्ब्युलन्स उभी आहे. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत तेरा वर्षांचा मुलगा गेला. चांगला तयारीचा, जिंकणारा मुलगा होता. तुला घाबरवायचं असतं तर मी हे वहिनीला लिहिलं असतं. ट्रॅकवर बाकी सगळे धोके काढून टाकलेले असतात आणि राहतो तो आपण माणसांनी एकमेकांना असलेला. म्हणून सकाळच्या ब्रीफिंगला पहिल्या रांगेत बस. मागे उभं राहून फोटो काढणारी पोरं असतात, त्यांच्यात नको.

झेंडे पाठ करून ये, तिथं शिकायला जाऊ नकोस. पिवळा हलताना दिसला की पुढे काहीतरी पडलंय: वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं. पण लाल बघून जागच्या जागी ब्रेक मारायचा नाही, मागचा येऊन आपटेल. हात वर करायचा, हळूहळू वेग उतरवायचा आणि रांगेने पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत, यायचं. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुतेक वेळा कुणाचं तरी ऑइल सांडलेलं. निळा दाखवला तर मागून वेगवान माणूस येतोय एवढाच निरोप. तू काहीही करायचं नाहीस. आपल्याकडे मागून हॉर्न आला की बाजूला व्हायची सवय लागलेली असते, इथं ती मोडावी लागते. बाजूला होऊ नकोस, तू चाललास तसा चालत राहा, पुढे जाण्याची जबाबदारी मागच्याची. काळा झेंडा तुझ्याकडे रोखून दाखवला तर पिटमध्ये ये, काहीतरी चुकलंय. काळ्यावर केशरी गोळा असेल तर गाडीत बिघाड आहे, ऑइल गळत असेल नाही तर काही लोंबत असेल. तेव्हा आधी लाइन, म्हणजे सगळे जातात ती वाट, सोडून कडेला हो.

खालच्या ग्रुपात ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तोही दोन मीटरचं अंतर ठेवून. आयोजकागणिक नियम थोडे इकडेतिकडे असतात, पण वळणात आतून घुसायला खालच्या ग्रुपात कुणीच देत नाही. तुला हे जड जाणार, मला माहीत आहे. पुढे एखादा हळू चालला असेल आणि त्याच्या मागे सगळा वेळ वाया जातोय असं वाटलं, तर पिटमध्ये ये, दहा सेकंद थांब, मोकळा रस्ता बघून पुन्हा जा. पिटमध्ये येताना एक लॅप आधीपासून मनाची तयारी ठेव, डावा हात वर कर किंवा पाय बाहेर काढ. बाहेर पडताना पांढरी रेघ असते, ती संपेपर्यंत ओलांडायची नाही, कारण मुख्य पट्ट्यावरून येणारे तिथं सगळ्यात जास्त वेगात असतात. तिथला पहिला उजवा, सी-वन म्हणतात त्याला, जाणकार लोक जवळजवळ थ्रॉटल न सोडता घेतात. तू पहिल्या दिवशी सोड. दोनदा सोड.

मातीत गेलास तर गाडी न झुकवता ताठ ठेव, पुढचा ब्रेक धरू नकोस, सरळ जाऊ दे, वेग मातीच खाते. परत ट्रॅकवर यायची घाई नको, आणि आलास की थेट पिटमध्ये जा, कारण टायरला चिकटलेली माती पुढच्या वळणावर पडते आणि दुसऱ्याला पाडते. स्वतः पडलास तर गाडी सोड. गाडीला धरून ठेवणारे लोक मी बघितलेत, जणू म्हैस पळून चाललीय. पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय उठू नकोस. घसरताना आपण थांबलोय असं वाटतं आणि माणूस चाळीसच्या स्पीडला उभा राहायला जातो. उठलास की भिंतीपलीकडे, मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभा असतो तो) सांगेल तिकडे. गाडी उचलायला मागे पळू नकोस.

गाडीचं थोडक्यात. आरसे काढ, हेडलाइट-इंडिकेटरवर टेप, नंबरप्लेट उतरव, साइड स्टँड तारेने बांध. चेनची ढील, ब्रेक पॅड आणि टायर तुझ्या मेकॅनिककडून बघून घे. इंजिन थंड ठेवणारं कूलंट काढून साधं पाणी भर. तू म्हणशील गाडीला वाईट. एका दिवसाने काही होत नाही. कूलंट सांडलं तर तेलासारखं निसरडं होतं आणि लवकर वाळत नाही, पाणी पाच मिनिटांत उडून जातं. हेही मागच्यासाठीच. टायरची हवा तिथं पोचल्यावर बघू. रस्त्यावरची ठेवलीस तर टायर तापून फुगतो आणि पकड जाते, किती कमी करायची ते टायरवर आणि दिवसाच्या उन्हावर असतं. आणि इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नकोस. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं प्लास्टिक, फुटलं तर खिशातून.

उन्हाचं मात्र मनावर घे. चेन्नईला डिसेंबरमध्येसुद्धा लेदर सूटच्या आत शिजायला होतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी (मोटरसायकलींची जागतिक स्पर्धा) झाली तेव्हा उकाड्यामुळे शर्यतच २४ लॅपवरून २१ वर आणली होती. बेझेक्की जिंकला ते सगळ्यांच्या लक्षात आहे. दुसरा आलेला मार्टिन शर्यतीनंतर पाणी कमी पडून कोलमडला होता, ते कमी जणांच्या लक्षात आहे. तो व्यावसायिक खेळाडू, आपण दुपारी वरणभात खाऊन झोपणारी माणसं. ओआरएसची पाकिटं आण, सेशन संपला की सूट कमरेपर्यंत उतरव, जेवण अर्धंच कर. बहुतेक पडापड जेवणानंतर किंवा शेवटच्या सेशनला होते. अंग थकलेलं असतं, लाइन आता पाठ झालीय असं वाटत असतं आणि पैसे वसूल करायचे असतात. शेवटचा सेशन मी सोडून देतो. त्या वेळेला गाडी चढवायला पिकअपही रिकामी मिळते.

वळणात झुकून डांबराला गुडघा टेकवण्याचं विचारलं होतंस. ते पहिल्या दिवशी होणार नाही आणि व्हायलाही नको. मागच्या वेळी आमच्या शेजारच्या पिटमधलं एक पोरगं कठड्याच्या सिमेंटवर सूटच्या गुडघ्यावरचा नवाकोरा स्लायडर घासत बसलं होतं, घरी दाखवायला. तुला इतकीच हौस असेल तर कठडा मी दाखवतो.

कसं यायचं ते सांगतो. स्टेशनवरून गाडी पार्सल करता येते: टाकी पूर्ण रिकामी, पोत्याचं पॅकिंग, आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स. पण पोचेल कधी याचा भरवसा नाही. आम्ही दोघं बोलेरो पिकअप करतोय, तिसऱ्या गाडीची जागा तुझ्यासाठी धरली आहे. जवळजवळ बाराशे किलोमीटर आहे, एक रात्र बंगळुरूच्या अलीकडे. गंमत बघ, आपल्या दोघांच्याही गाड्या चाकणला बनलेल्या, आणि त्या मनासारख्या चालवायला आपण त्यांना तामिळनाडूत नेतोय. पण त्या बाबतीत त्यांची परंपरा जुनी. इरुंगट्टुकोट्टईला १९९० मध्ये ट्रॅक होण्याआधी शर्यती चेन्नईजवळच्याच शोलावरमच्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या, आणि तेव्हाही आपल्याकडची पोरं गाड्या घेऊन तिकडेच जायची.

फॉर्मवर आणखी एक रकाना आहे: अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा. तिथं तू माझा नंबर टाकलास म्हणे. गाढवा, मी तिथंच असेन. तो रकाना भरण्यासाठी तरी वहिनीला सांग. ओरडेल, मग विचारेल किती दिवस, मग डब्यात काय देऊ. माझ्या घरी याच क्रमाने झालं होतं.

तो होसूरवाला या वेळी येतोय. वरच्या ग्रुपात आहे आता. मागच्या वर्षी त्याने मला एका वळणात बाहेरून मागे टाकलं, पुढे गेल्यावर डावा हात जरासा हलवला आणि निघून गेला. तुझी ओळख करून देतो. त्याच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे आण, अर्धा किलो तरी.

आपले ग्रुप वेगळे, त्यामुळे ट्रॅकवर आपण एकत्र नसू. तू आत असशील तेव्हा मी मुख्य पट्ट्यालगत पिट वॉलवर उभा असेन, हातात पाण्याची बाटली आणि स्टॉपवॉच घेऊन. प्रत्येक लॅपला तुझी वेळ लिहून ठेवीन. फक्त समोरून जाताना माझ्याकडे वळून हात करू नकोस.

तुझा,
अभ्या